चित्रपटांच्या नोंदवह्या : आपला अनुभव लिहा

शनिवारपेठी
माळा आवरताना वडिलांची चित्रपटांची वही हाती आली. तारीख, चित्रपटगृह, तिकिटाचा दर आणि खाली दोनतीन ओळींचा अभिप्राय, एवढीच तिची मांडणी. पण नीलायम, विजय, अलका, मंगला ही पुण्यातल्या चित्रपटगृहांची नावे वाचताना त्यांची उमेदीची वर्षेच उलगडत गेली. वर्तमानपत्रातले परीक्षण वाचण्याआधी आपले मत लिहून टाकायचे, हा त्यांचा नियम मीही पाळते, कारण दुसऱ्याचे शब्द एकदा डोक्यात बसले की आपल्याला मुळात काय वाटले होते ते सापडत नाही. आपण नोंदी कशा ठेवता?

रीळवेडा
या विषयात पी. के. नायर यांचे स्मरण व्हायलाच हवे. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनी उभे केले, ते नायर अंधारात चित्रपट पाहता पाहता वहीत टिपणे घेत असत. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चारपैकी पहिली आणि शेवटची एवढीच रिळे आज उरली आहेत. मधल्या रिळांत काय होते हे एखाद्या प्रेक्षकाने तेव्हा लिहून ठेवले असते, तर त्या वहीचे मोल केवढे झाले असते! म्हणूनच मी अभिप्रायापेक्षा दृश्यांचे वर्णन अधिक लिहितो.

उजवे पान
कुकर लावला आहे, थोडक्यात लिहिते. आमच्या वहीत डावे पान ह्यांचे आणि उजवे माझे असते, आणि दोघांचे लिहून झाल्याशिवाय चर्चा करायची नाही, असे ठरलेले आहे. ‘संत तुकाराम’ पाहून ह्यांनी पानभर विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवरील शांतपणाबद्दल लिहिले, तर मी केवळ गौरीबाईंच्या आवलीबद्दल, कारण रिकाम्या डब्यांचा संसार रेटणारी ती बाई मला त्या घराचा खरा आधार वाटली. जेवणे आटोपली तरी आमचा वाद चालूच होता.

सिंहगड रस्ता
वहीत तिकिटे चिकटवणाऱ्यांना एक विनंती आहे. हल्लीच्या गुळगुळीत कागदावरची छपाई उष्णतेने उमटवलेली असते आणि काही काळाने उडून जाते, त्यामुळे तपशील शाईने लिहून ठेवावेत.
शनिवारपेठी, वडिलांबरोबर कोण असे, याची नोंद त्या वहीत आहे का?

शनिवारपेठी
आहे, आणि मला तीच सर्वांत प्रिय वाटते. लग्नानंतर जवळजवळ प्रत्येक पानावर ‘सौ. सोबत’ असे लिहिलेले आहे, आणि आईला चित्रपट आवडला नसेल तर तेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. शाईबद्दल मनापासून आभार. माझी तिकिटे आजच तपासते.

रांगेतला
पिफच्या, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत एका चित्रपटातून निघून लगेच दुसऱ्याच्या रांगेत उभे राहावे लागते, आणि रात्रीपर्यंत इराणी व पोलिश कथानके एकमेकांत मिसळतात. म्हणून मी दिग्दर्शक आणि देश आदल्या दिवशीच लिहून ठेवतो व रांगेत उभ्यानेच मत नोंदवतो. उजवे पान यांची पद्धत मात्र या जानेवारीत मित्राबरोबर नक्की करून पाहणार आहे.