पासपोर्टचा फोटो आणि माझे कुरळे केस: दोनदा परत आलाय, काय करू?

कुरळमती

नमस्कार मंडळी. विषय वाचून हसाल, पण मी आता रडकुंडीला आले आहे.

मी मूळची मिरजेची, सध्या मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. भारतीय पासपोर्ट फेब्रुवारीत संपतोय. नवीन करायला अर्ज केला आणि फोटो दोनदा परत आला. दोन्ही वेळा केसांपायी.

आधी केसांची ओळख करून देते, नाहीतर सल्ले चुकीचे येतील. काळे, दाट आणि कुरळे. ‘जरा वेव्ही’ वगैरे नाही, पेनातल्या स्प्रिंगा असतात तसे. मोकळे सोडले की कानांच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं पसरतात, डोक्यावर तीन बोटं उंच उभे राहतात. हवा दमट असली तर यात आणखी भर. शाळेत असताना आई दर रविवारी खोबरेल थापून दोन वेण्या घालायची, इतक्या घट्ट की सोमवारपर्यंत डोळे तिरके. लाल रिबिनी वर बांधल्या की बाई म्हणायच्या, ‘आज कशी शहाणी दिसतेयस!’ म्हणजे इतर दिवशी काय, ते समजून घ्यायचं. तिशीपर्यंत मी हे केस दाबून, चापून, लपवून ठेवले. गेली सहा वर्षं मोकळे सोडते. सध्याच्या पासपोर्टातला फोटो वेणीतला आहे, तो आणि मी यांच्याकडे विमानतळावर प्रत्येक जण आळीपाळीने दोनदा बघतो.

आता नियम. परदेशातून भारतीय पासपोर्टचा अर्ज करताना १ सप्टेंबर २०२५पासून आयकाओच्या (म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) मापाचा फोटो लागतो. ६३० बाय ८१० पिक्सेल, पार्श्वभूमी पांढरी, चेहऱ्यावर आणि मागे सावली नको, डोळ्यांवर केस नकोत, तोंड मिटलेलं, दीड मीटर अंतरावरून काढलेला, सॉफ्टवेअरने काही फेरफार केलेला नको. इथपर्यंत ठीक. पण त्यात दोन अटी एकमेकींच्या सवती आहेत. एक म्हणते, चेहऱ्याने फोटोचा ८० ते ८५ टक्के भाग व्यापला पाहिजे. दुसरी म्हणते, केसांच्या टोकापासून हनुवटीपर्यंत पूर्ण डोकं दिसलं पाहिजे. माझ्या केसांचं टोक धरलं तर चेहरा लहान होतो, चेहरा मोठा केला तर टोक कापलं जातं. कुणाची मर्जी राखू?

पहिला फोटो घरीच काढला, मोकळ्या केसांत. भिंत फिकट पिवळी, म्हणून फोनमधल्या एका अ‍ॅपने पार्श्वभूमी पांढरी केली. अ‍ॅपला केस कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते हे कळलंच नाही. कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. परत. दुसऱ्या वेळी सगळे केस वर घेऊन टाळूवर बुचडा बांधला. मला वाटलं, चेहरा तर स्वच्छ उघडा झाला! तर बुचडा वरून अर्धा कापला गेला. तोही परत.

केस सरळ करून घेणार नाही, हे आधीच सांगते. पुढची दहा वर्षं खिशात कुणा दुसऱ्याच बाईचा फोटो नको. इथे कुणी कुरळं माणूस आहे का? तुम्ही काय केलंत?

---

सरळमार्गी

एक दिवस इस्त्री फिरवा केसांवर, दुसऱ्या दिवशी धुवून टाका. विषय संपला. पासपोर्टचा फोटो कुणाचा चांगला आलाय आजवर? आधार कार्डावर मी फरार आरोपी दिसतो, तरी बायको नांदतेय.

---

कुरळमती

दादा, तुमचे केस सरळ आहेत हे आयडीवरूनच कळलं. :) इस्त्री फिरवायला मला अडीच तास लागतात आणि मानेला चटका बसतो तो वेगळा.

---

ओसरी

कुरळे नाहीत माझे, पण केस आणि पासपोर्ट म्हटल्यावर आईची गोष्ट आठवली.

आई ७१ वर्षांची, पहिलाच पासपोर्ट. भारतात मोठ्या माणसांना फोटो न्यावा लागत नाही, पासपोर्ट सेवा केंद्रात काउंटरवरच कॅमेऱ्याने काढतात. (फोटो न्यावा लागतो तो चार वर्षांखालच्या पोरांचा, साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. भाचीच्या वेळी आम्ही त्यासाठी जावळ महिनाभर लांबवलं होतं आणि मग फोटोत सगळं जावळ ताठ उभं!) तर आई खुर्चीत बसली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘काकू, पदर जरा मागे घ्या, कपाळ आणि केस दिसू देत.’

आता आमच्या आईने लग्नापासून, म्हणजे चोपन्न वर्षं, परक्या माणसासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिलेला नाही. शेजारच्या काउंटरला दोन पुरुष. मला वाटलं, आता ही उठते. ती काही बोलली नाही. खुर्चीतल्या खुर्चीत भिंतीकडे वळली, दोन्ही तळव्यांनी केस चोपून बसवले, पदर खांद्यावर घेतला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. फोटो झाल्या झाल्या पदर परत जागेवर. समोरच्या पडद्यावर तिला फोटो दाखवला तर म्हणाली, ‘माझी आई बसलीय की इथं.’

तुमच्या उपयोगाचं यात काही नाही, पण सांगावंसं वाटलं. एकच कामाची गोष्ट: तिचे केस पांढरे, मागे पांढरं, पहिल्या फोटोत डोकं कुठे संपतं तेच दिसेना. तीनदा काढला.

---

डार्करूम

कराडजवळ आमचा स्टुडिओ आहे, वडिलांपासून. आता मुलगा बघतो, मी गल्ल्यावर बसून चुका काढतो. तुमचा प्रश्न वाचून हात शिवशिवले.

ताई, आधी गणित बघा. ६३० बाय ८१० हा आकडा आभाळातून पडलेला नाही. ३५ मिलिमीटरला ४५ मिलिमीटर, म्हणजे आमचा नेहमीचा साडेतीन-साडेचार, प्रत्येक मिलिमीटरला १८ पिक्सेल. उंची ८१०, त्याच्या ८० ते ८५ टक्के म्हणजे ६४८ ते ६८८. वर-खाली मिळून उरले १२० ते १६० पिक्सेल. त्यात मान, खांदे आणि डोक्यावरची मोकळी जागा, सगळं बसवायचं. आता माणसाचं डोकं टाळूपासून हनुवटीपर्यंत धरा २२ सेंटीमीटर. तेवढं ६५० पिक्सेलांत बसवलं की ६३०च्या रुंदीत किती मावतं? २१ सेंटीमीटर. एक वीत! चौकटीत तुम्हाला मिळालेली जागा ही एवढीच. तुमचे केस दोन्हीकडे चार-चार बोटं म्हणजे ते वितीत मावणारच नाहीत, तुम्ही काहीही करा. अमेरिकन पासपोर्टचा फोटो दोन बाय दोन इंची चौकोन, त्यात डोकं २५ ते ३५ मिलिमीटर चालतं, तिथे केसांना मैदान मोकळं असतं. तिकडे राहून तुमच्या नजरेला तो चौकोन सवयीचा झालाय.

तर कडेचे केस चौकटीबाहेर गेले तर जाऊ द्या. माझ्या अनुभवात त्यावरून कुणाचा फोटो अडलेला नाही. अडतो तो तीन ठिकाणी. गालाची कड केसांनी झाकली तर. डोळ्यावर बट आली तर. आणि डोक्याच्या वरचा भाग कापला तर. तुमचा दुसरा फोटो या तिसऱ्यात गेला. बुचडा टाळूवर बांधला की कॅमेऱ्याच्या दृष्टीने तुमचं डोकंच चार बोटं उंच झालं. तोच अंबाडा मानेवर, खाली बांधा. समोरून दिसतसुद्धा नाही, डोक्यामागे लपतो. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका तसाच घालायच्या.

पण तुम्हाला केस केसांसारखे दिसायला हवेत, हे मला पटतं. म्हणून पूर्ण चापून बसवू नका. असं करा. भांग मधोमध न पाडता थोडा बाजूला घ्या, म्हणजे टाळूवरची उंची मोडते. कानाच्या वरचे केस मागे वळवून काळ्या आकड्यांनी अडकवा, दोन इकडे, दोन तिकडे, आकडे कानामागे लपवायचे. चकचकीत चाप नको, त्यावर उजेड चमकतो. कान दिसलेच पाहिजेत असा हट्ट नाही, पण केस कानामागे गेले की गालाची कड आपसूक मोकळी होते. बाकीचे मागे सैल, मानेवर. कपाळावरची कुरळी लव राहू द्या, ती भुवयांच्या वर असली म्हणजे झालं.

तेल लावू नका! आमच्याकडे फोटो काढायचा म्हणून मुद्दाम तेल चोपडून येतात. फ्लॅश पडला की भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, जणू टक्कल. जेलचंही तेच. हात ओला करून फिरवा, पुरे. पूर्वी आमच्या आरशाला फणी सुतळीने बांधलेली असायची, शेजारी पावडरचा डबा आणि खुंटीला काळा कोट. ती फणी किती डोक्यांतून फिरली असेल देव जाणे. निगेटिव्हवर वडील पेन्सिलीने रिटच करायचे, उडालेला एकेक केस भिंगाखाली घालवायचे. तेव्हा ती कला होती, आता त्यालाच फेरफार म्हणतात आणि अर्ज परत येतो. असो.

सावलीचं सांगतो, कारण कुरळ्या केसांत खरी मेख तिथे आहे. भिंतीला टेकून उभं राहिलं की केसांच्या फटीफटीतून मागे जाळीदार सावली पडते, आणि ती घालवायला माणूस अ‍ॅप वापरतो. भिंतीपासून तीन-चार फूट पुढे या. उजेड समोरून, दोन्ही बाजूंनी सारखा. मोठी खिडकी असेल तर तिच्याकडे तोंड करा, दिवसा, थेट ऊन नसताना. भिंत पिवळी असेल तर पांढरी चादर ताणून लावा, कडक इस्त्री करून. फोन धरणारा पाच फुटांवर, कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या उंचीला. सेल्फी अजिबात नको. जवळून काढलं की नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. लांबून काढा आणि नंतर कापा, कापणं म्हणजे फेरफार नव्हे.

‘ओसरी’ताई, पांढऱ्या केसांना भिंतीवर उजेड कमी आणि माणसावर किंचित कडेने टाकायचा, मग केसांची कड उठते. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

आणि गजरा काढून ठेवा, हे सांगायला नको. एकदा एका नवरीचा असा फोटो निघाला होता की कानातून मोगरा उगवलाय.

---

सरळमार्गी

डार्करूम काका, टक्कल असलेल्यांसाठी काही?

---

डार्करूम

पावडर. चमक जाते.

---

कुरळमती

मंडळी, नऊ दिवसांनी येतेय, उशिराबद्दल माफी.

काका, तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावला होता. शनिवारी सकाळी कामाला लागलो. जेवणाच्या टेबलामागे चादर ताणली, चार कोपऱ्यांना चार खुर्च्या आणि त्यांच्यावर डाळ-तांदळाचे डबे. नवऱ्याला पाच फुटांवर उभा केला. तो सहा फूट उंच, त्यामुळे ‘डोळ्यांच्या उंचीला’ म्हणजे त्याला गुडघे वाकवून उभं राहायला लागलं, ते बघून मी हसायची आणि तोंड मिटलेलं राहायचं नाही. त्रेचाळीस फोटो झाले. एकतिसाव्यात मी गंभीर होते, पण मुलगा चादरीमागून डोकावत होता.

भांग बाजूला घेतला. इथे काळे आकडे मिळवायला ओक ट्री रोडवरची, म्हणजे इथल्या देशी बाजारातली, तीन दुकानं पालथी घातली; इतर ठिकाणी सगळे सोनेरी नाहीतर तपकिरी. अंबाडा मानेवर बांधला, सैल. वितीचं गणित मी खरंच करून बघितलं, आरशासमोर कानाशी अंगठा आणि करंगळी ताणून. मावत नाहीत ते नाहीत. दोन्ही कडांना थोडे कापले गेलेत, पण कपाळावर कुरळे स्पष्ट दिसतात आणि कानामागूनही दोन बटा आपल्या मर्जीने बाहेर आल्यात. त्यांना मी हात लावला नाही.

‘ओसरी’, तुमच्या आईंची गोष्ट नवऱ्याला वाचून दाखवली. त्याची आजी पदर घ्यायची. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, आजीचा पदराशिवायचा एकही फोटो आपल्याकडे नाही.

सोमवारी फोटो चढवला. काल रात्री मेल आला, स्वीकारलाय!

आईला तोच फोटो पाठवला. तिकडे सकाळ होती, लगेच व्हिडिओ कॉल. चष्मा लावून, फोन लांब धरून, जवळ धरून बघितला. मग म्हणाली, ‘आता कशी माणसात आल्यासारखी दिसतेस. तेल लावलंस ना?’