सेबर्सची सीझन तिकिटं ठेवायची की सोडायची? 14 वर्षं झाली राव

बंड्या_अॅमहर्स्ट (जुलै 2025)

मंडळी, बफेलो-रॉचेस्टर साइडला कोणी असेल तर सांगा, नाहीतर हॉकीतलं कळणारं कोणीही चालेल. (आइस हॉकी, एनएचएल लीग, सेबर्स म्हणजे आमची बफेलोची टीम. धनराज पिल्लेवाली नाही.)

आम्ही चार घरं मिळून सेबर्सची दोन सीट्सची सीझन तिकिटं घेतो. 41 होम मॅचेस, गणपतीच्या आसपास कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये बसून एक्सेलवर वाटणी करायची, त्यावरून थोडी भांडणं करायची, मग जेवायचं, असं गेली काही वर्षं चाललंय. यंदा दोघांनी हात वर केले. एक म्हणाला त्या पैशात आईला भेटून येईन. दुसरा काही बोललाच नाही, सरळ व्हॉट्सअॅप ग्रुप सोडला.

मी इथे 2012 ला आलो. टीम शेवटची प्लेऑफला गेली 2011 ला. बायको म्हणते पायगुण तुझाच. मुलगा इथेच जन्मलाय, आता 11 वर्षांचा आहे, आणि त्याने जन्मात सेबर्सची एक प्लेऑफ मॅच बघितलेली नाही.

गेल्या डिसेंबरात कोलोरॅडोची मॅच आमच्या वाटणीला आली होती. मंगळवार, दुसऱ्या दिवशी शाळा, लेकवरून असा वारा की पार्किंगपासून दारापर्यंत जाताना कानटोपीतून कान गेले की काय वाटावं. आणि आत जाऊन बघतो तर टीम पेटलेली. 4-0! पोरगा खुर्चीवर उभा. तेवढ्यात आमच्या शेजारचे आजोबा, निळी जुनी जर्सी घातलेले, शांतपणे उठले, जॅकेटची चेन लावली. पोराने विचारलं कुठे चाललात, तर म्हणाले याच्यापेक्षा चांगलं आज काही होणार नाही, एवढं बघून जातो. आम्ही हसलो. 5-4 ने हरलो. तेव्हा सलग 13 हारण्याचा तो जो सिलसिला चालला होता त्यातलीच ही एक. गाडीत पोरगा एक शब्द बोलला नाही, गॅरेजमध्ये शिरल्यावर म्हणाला, "बाबा, 4 वरच मॅच थांबवता नसती का आली?"

आणि आता जूनमध्ये फ्लोरिडाने परत कप (स्टॅन्ली कप, लीगची ट्रॉफी) उचलला त्या मॅचला सॅम राइनहार्टने चार गोल मारले. चार! पोरगा म्हणतो हा आपला होता ना? म्हटलं हो. मग दिला का? आता काय सांगू. त्यानंतर आठ-दहा दिवसांत आपल्या लोकांनी आपला पीटरकाही यूटाच्या टीमला दिला.

तर प्रश्न दोन. तिकिटं ठेवू का? आणि पोराला थॉम्पसनची 72 नंबरची जर्सी हवीय, ती घेऊ का? मला भीती वाटते आपण जर्सी घेतली की त्यालाही पाठवतील.

खडकवासला_एक्सप्रेस

दादा हॉकीतलं शून्य कळतं पण हे सगळं आरसीबीसारखं वाटतंय. 18 वर्षं लोकांनी शिव्या खाल्ल्या, मीम्स झेलले, आणि 3 जूनला अहमदाबादला जिंकलेच ना शेवटी, ते पण 6 रन्सनी. विराट रडला, मी पण रडलो, आई म्हणाली तू कधी बंगलोरला गेला होतास रे. धीर धरा.

बंड्या_अॅमहर्स्ट

@खडकवासला भावा आरसीबी तीन वेळा फायनल हरून मग जिंकली. फायनल हरायला फायनलला जावं लागतं. इथे 32 टीम्स आहेत, त्यातल्या 16 प्लेऑफला जातात, म्हणजे अर्ध्या. नुसतं अर्ध्यात यायचंय, आणि तेवढंही सलग 14 सीझन जमलेलं नाही. लीगच्या इतिहासात दुसऱ्या कोणाला हे "जमलेलं" नाही, आधीचा रेकॉर्ड 10 चा होता. वर्गात 32 पोरं आणि पहिल्या 16 ना पास करतात असं समज, आणि आमचा 14 वर्षं त्याच वर्गात बसलाय. आता मास्तरच त्याला विचारतात गेल्या वर्षी फळ्यावर काय लिहिलं होतं.

खडकवासला_एक्सप्रेस

अरे बापरे. मग सोडा 😂

मिसिसागाकर

लीफ्सचा (टोरंटोची टीम) फॅन बोलतोय, आधीच सांगतो म्हणजे दगड मारायचे तर आत्ताच मारा.

बंड्याभाऊ तुमचं दुःख मोठं आहे पण सोपं आहे. तुम्हाला एप्रिलमध्ये सुट्टी लागते. आम्हाला दरवर्षी वर नेऊन मग खाली सोडतात. 2017 पासून सलग नऊ वर्षं प्लेऑफ, आणि त्यात सिरीज किती जिंकलो, दोन. कप शेवटचा 1967 चा, माझा जन्मही नव्हता, बाबा शाळेत होते साताऱ्यात. यंदा मे महिन्यात फ्लोरिडाशी सात मॅचेसच्या सिरीजमधली पाचवी मॅच घरच्या रिंकवर 6-1 ने हरले, आणि सातवी, करो या मरोवाली, तीही घरच्या रिंकवर, तीही 6-1! स्कोअर तरी बदला रे. लोकांनी जर्स्या काढून बर्फावर फेकल्या. मी फेकली नाही कारण मी घरी होतो आणि जर्सी धुवायला टाकलेली होती. मग आमचा स्टार मार्नर पण गेला व्हेगासला.

तिकिटांचं म्हणाल तर प्लीज ठेवा, माझा स्वार्थ आहे. टोरंटोत लीफ्सचं तिकीट म्हणजे किडनी. त्यापेक्षा क्यूईडब्ल्यू हायवे पकडून बॉर्डर ओलांडून तुमच्याकडे येणं स्वस्त पडतं, त्यामुळे लीफ्सच्या मॅचला तुमच्या अरिनात अर्धी जनता आमची असते. तुमच्याकडे प्रत्येक मॅचला दोन्ही राष्ट्रगीतं लावतात, समोर कॅनडाची टीम असो नसो, ते मला फार आवडतं. आमच्या लोकांचं ओ कॅनडा तुमच्याच छपराखाली घुमतं तेव्हा तुमच्या लोकांची तोंडं बघायची असतात, सॉरी, पण असतात.

गोली_मारो

रॉचेस्टरवरून. मोठं लिहितोय, ज्याला कंटाळा येईल त्याने खाली जावं.

पायगुण वगैरे सोडा, हे सगळं हाताने केलेलं आहे. 2011 च्या फेब्रुवारीत पेगुलांनी टीम घेतली तेव्हा सांगितलं होतं की ही टीम आता फक्त स्टॅन्ली कप जिंकण्यासाठी आहे, पैशाची काळजी नाही. लोक रडले होते आनंदाने. पुढे काय झालं तर 2014-15 ला मुद्दाम हरायचं ठरलं, म्हणजे उघड कोणी बोललं नाही पण कोणाला कळायचं राहिलं होतं? शेवटचा नंबर लावायचा आणि ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांची निवड, तळाच्या टीम्सना आधी संधी) मॅकडेविड घ्यायचा, त्या वर्षीचा सगळ्यात भारी पोरगा. मार्चमध्ये अॅरिझोना आली होती, ती पण तळाची टीम, आणि ओव्हरटाइममध्ये त्यांनी गोल मारला तर आपल्याच लोकांनी आपल्याच रिंकमध्ये जल्लोष केला. मी टीव्हीवर बघत होतो, मला त्या क्षणी काहीतरी तुटल्यासारखं वाटलं खरं सांगतो. हरण्याची सवय लागायला एवढं पुरतं. आणि एवढं करून पहिल्या निवडीची लॉटरी लागली एडमंटनला!

आपल्याला मिळाला आयकल, तोही काही कमी नव्हता. मग त्याच्या मानेचं दुखणं निघालं, त्याला डिस्क बदलायची होती, टीमचे डॉक्टर म्हणाले ते नाही दुसरं ऑपरेशन कर, महिनोन्महिने भांडण, शेवटी 2021 च्या नोव्हेंबरात व्हेगासला दिला. तिथे त्याने त्याला हवं तेच ऑपरेशन केलं आणि 2023 ला कप. ओ'रायली 2018 ला सेंट लुइसला दिला, 2019 ला कप, वर प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू. राइनहार्टचं झालंच वर सांगून, 2024 ला सातव्या मॅचचा विनिंग गोलही त्याचाच. माँटूर, त्याच टीममध्ये. गोली (गोलकीपर) उलमार्क बॉस्टनला गेला आणि वेझिना, म्हणजे सर्वोत्तम गोलीचं बक्षीस, घेऊन बसला. आणि ओकपोसो! आमचा कॅप्टन, आठ सीझन रखडला इथे, मार्च 2024 ला फ्लोरिडाला गेला आणि जूनमध्ये कप डोक्यावर. तीन महिने! सासरी सात-आठ वर्षं नुसती भांडी घासली आणि माहेरी गेल्या गेल्या सोन्याच्या पाटल्या, असं झालं ते.

14 वर्षांत चार जनरल मॅनेजर, कोच तर मोजायचे सोडले, फिरून परत जुना लिंडी रफच. 2020 ला एका दिवसात जीएमसकट ऑफिसातली 22 माणसं काढली, स्काउट वगैरे सगळे, आणि ज्याने हे काम आधी कधी केलं नव्हतं त्या अॅडम्सच्या हातात किल्ल्या दिल्या. मग 2021 ला सलग 18 मॅचेस विजय नाही. जवळपास रिकाम्या स्टेडियमात झालं ते, कोविड होता म्हणून लाज जरा झाकली.

एकदाच जवळ आलो, 2022-23. 91 पॉइंट्स. फ्लोरिडाचे 92. एका पॉइंटने ते आत गेले आणि थेट फायनल गाठली. त्या वेळी कोणी एक अनुभवी गोली आणला असता तर... जाऊ दे. गेल्या सीझनला तर 79. अॅडम्सना विचारलं खेळाडू इथे का येत नाहीत, तर म्हणाले आपल्याकडे पामची झाडं नाहीत आणि टॅक्स जास्त आहे. लोक पुढच्या मॅचला प्लास्टिकची फुगवायची पामची झाडं घेऊन आले. खरं सांगू, त्या महिन्यात बर्फावर जे खेळत होते त्यांच्यापेक्षा झाडांचा डिफेन्स बरा होता. आणि हो, थंडगार विनिपेगला कुठे नारळ लागतात? तरी यंदा लीगमध्ये पहिले आले.

माझं मत: तिकिटं सोडा. रॉचेस्टरला या, अमर्क्स बघा. सेबर्सचीच खालची टीम आहे, तीच पोरं वर जायच्या आधी इथे खेळतात, अजून त्यांच्या चेहऱ्यावर हसू असतं. एक तास ड्राइव्ह, तिकीट स्वस्त, आणि पोराला काचेला नाक लावून बघता येतं.

मिसिसागाकर

पाटल्यांचं वाचून चहा कीबोर्डवर सांडला

विल्यम्सव्हिलची_काकू

अरे बंड्या, तू सांगितलेले आजोबा मला वाटतं आमच्या ओळखीचे असतील, निळी जर्सी आणि मध्येच उठून जाणारे असे बरेच आहेत म्हणा इथे.

आम्ही 1994 ला आलो. तेव्हा मॅचेस जुन्या ऑडिटोरियममध्ये व्हायच्या, मला पहिल्या दिवशी नियमही माहीत नव्हते, ह्यांच्या ऑफिसातल्या कोणीतरी तिकिटं दिली म्हणून गेलो. आणि समोर हाशेक! काय सांगू तुला, तो गोली नव्हताच रे, हातातून स्टिक टाकून उताणा पडायचा, पाय आकाशात, आणि पक (हॉकीतली रबरी चकती) तरी अडवलेला. आपल्याकडे रांगतं बाळ कसं कुठूनही कुठे पोचतं तसं.

19 जून 1999 विसरता येत नाही. डॅलसशी फायनलची सहावी मॅच, इथेच, तिसरा ओव्हरटाइम, रात्रीचा दीड वाजला होता. मुलं सोफ्यावर झोपली होती. त्यांच्या ब्रेट हलने गोल मारला तेव्हा त्याचा स्केट गोलीच्या निळ्या चौकटीत होता, आणि त्या वर्षी नियमच होता की पकच्या आधी पाय आत असेल तर गोल नाही. लीग म्हणाली पक त्याच्याच ताब्यात होता, म्हणून चालतो. संपलं. पुढच्या सीझनला तो नियमच काढून टाकला! अजून इथे गाड्यांच्या मागे 'नो गोल' लिहिलेलं दिसतं ते त्याचंच. आणि गोली_मारो, तुमच्या यादीत हाशेक पण घाला, 2001 ला डेट्रॉइटला गेला, 2002 ला कप. ही खोड जुनी आहे.

आमचे हे 1 जुलै 2007 पासून सेबर्स बघत नाहीत. ब्रिएर आणि ड्रुरी एकाच दिवशी सोडून गेले, दोघं कॅप्टन, आदल्या सीझनला लीगमध्ये पहिला नंबर होता आपला. त्या दिवशी म्हणाले संपला विषय. तेव्हापासून गॅरेजमध्ये जाऊन रेडिओवर ऐकतात. मी विचारलं तर म्हणतात स्नोब्लोअर साफ करतोय. एप्रिलमध्ये कसला स्नोब्लोअर. तेव्हा, सोडायचं म्हणून सुटत नाही बाळा, फक्त जागा बदलते.

जर्सीचं मात्र सोपं आहे. पेरॉची घे, नंबर 11. 1970 ला टीम सुरू झाली तेव्हा ड्राफ्टमध्ये सगळ्यात पहिला त्यालाच घेतला, 17 सीझन खेळला आणि सगळे इथेच. नंबर रिटायर आहे, म्हणजे तो आता दुसऱ्या कोणाला देत नाहीत, बाहेर पुतळा आहे. त्याला आता कोणी ट्रेड करू शकत नाही.

बंड्या_अॅमहर्स्ट

काकू 🙏 पुतळ्याची आयडिया पोराला सांगितली. म्हणतो पुतळा गोल मारत नाही. थॉम्पसनने गेल्या सीझनला 44 मारले हे त्याला तोंडपाठ आहे. तर 72 च घेतोय, एक साइज मोठी, म्हणजे ट्रेड होईपर्यंत दोन-तीन वर्षं तरी पुरेल.

तिकिटांचं असं ठरतंय की सोडून गेलेल्या दोन घरांपैकी एकाच्या जागी तुम्ही याल का? काकांना न सांगता चालेल. मंगळवारच्या मॅचेस मी घेत नाही, एवढी एकच अट. अमर्क्सला ऑक्टोबरात एकदा जाऊन बघतो, गोली_मारो, भेटू तिकडे.

विल्यम्सव्हिलची_काकू

येते. पण ह्यांना सांगावं लागेल, गाडी तेच चालवतात. पार्किंगमध्ये बसून रेडिओ ऐकतील.

मिसिसागाकर

आणि लीफ्सची मॅच कोणाच्या वाटणीला येणार तेवढं आधी सांगा

बंड्या_अॅमहर्स्ट

माझ्या. आणि ती तुम्हालाच विकणार, दुप्पट भावाने, त्यातूनच जर्सी येणारे.