हलगीचा आवाज सिंथवर: फिल्टरला एन्व्हलप लावूनही 'कडाड' येईना

राजारामपुरी_पॅच:
नमस्कार मंडळी. एकांकिकेत कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्तीचा प्रसंग आहे. हलगी पाहिजे, पण रेकॉर्डिंग चालणार नाही, कारण पैलवानांच्या झटापटीप्रमाणं लय आणि जोर जागच्या जागी वाढवायचाय. म्हणून व्हीसीव्ही रॅक या संगणकावरच्या सिंथमध्ये (आवाज बनवणाऱ्या यंत्रात) पॅच, म्हणजे भागांची जोडणी, बांधला: नॉइज (खरखर) आणि ट्रायंगल (मऊ स्वराची लहर) मिक्सरमध्ये, मग वरच्या कंपनसंख्या अडवणारा लोपास फिल्टर, मग आवाज लहान-मोठा करणारा व्हीसीए. एकच एडीएसआर, म्हणजे प्रत्येक ठोक्याला चढून उतरणारा व्होल्टेज (एन्व्हलप), फिल्टर आणि व्हीसीए दोन्हीकडं जोडलाय. अटॅक (चढायचा वेळ) आणि सस्टेन (टिकून राहायची पातळी) शून्य. तरी नुसतं 'ठप ठप' ऐकू येतंय. फिल्टर जिथून वरचं अडवतो तो कटऑफ; एन्व्हलपनं तो किती हलवायचा हे ठरवणारा मॉड्युलेशन नॉब पूर्ण फिरवूनही फरक नाही. कुणी मार्ग दाखवाल का?

जुना_सोल्डर:
भावा, मॉड्युलेशन पूर्ण आहे तिथंच घोळ आहे. हिशेब बघ. फिल्टरला १ व्होल्ट मिळाला की कटऑफ एक सप्तक वर जातो, आणि रॅकमधला एन्व्हलप १० व्होल्टपर्यंत चढतो. कटऑफचा नॉब १०० हर्ट्झवर असला तर दहा सप्तकं वर म्हणजे १,०२,४०० हर्ट्झ! माणसाचा कान २०,००० च्या आसपास संपतो. म्हणजे डिकेचा (एन्व्हलप उतरण्याचा) सुरुवातीचा भाग फिल्टर सताड उघडाच, आणि कटऑफ ऐकू येण्याइतका खाली उतरेपर्यंत व्हीसीएही उतरायला लागलेला असतो. मॉड्युलेशन निम्मं कर. ५ व्होल्टला कटऑफ ३,२०० हर्ट्झपर्यंत जाईल आणि सगळी घसरण कानाच्या टप्प्यात येईल. कटऑफचा नॉब मात्र आधी खाली आण. एन्व्हलप त्या जागेपासूनच वर चढतो.

दुसरं, एन्व्हलप दोन घे. हलगीजवळ उभं राहून ऐक: कडक आवाज आधी विरतो, चामड्याचा घुमारा मागं राहतो. फिल्टरचा डिके ५० मिलिसेकंद, व्हीसीएचा २०० पासून सुरू कर आणि पुढं कानानं ठरव.

आणि ट्रिगर (ठोका सुरू करणारा क्षणभराचा इशारा) देत असशील तर रिलीजकडं (इशारा संपल्यावर उतरायच्या वेळेकडं) लक्ष दे. ट्रिगर संपला की एडीएसआर डिके सोडून थेट रिलीजमध्ये शिरतो. रिलीज शून्य असेल तर डिके कितीही वाढव, काही होणार नाही. एक तर रिलीज डिकेएवढा ठेव, नाहीतर लांब गेट (जास्त वेळ चालू राहणारा इशारा) दे.

घुमकं_कैताळ:
आमच्या घरात हलगी-घुमकं-कैताळ वाजतं, म्हणून थोडं सांगते. हलगीला दोन काठ्या असतात, एक जाड आणि एक बारीक. दोन्हींचा आवाज एकाच पॅचमधून काढू नकोस. बारकीसाठी नॉइज बँडपासमधून (फक्त मधला पट्टा सोडणाऱ्या फिल्टरमधून) ने, एन्व्हलप अगदी आखूड ठेव.

जोराचं म्हणशील तर टिपरू (काठी) जोरात पडलं की आवाज मोठा होतोच, शिवाय जास्त चिरका होतो. म्हणून फिल्टरचा एन्व्हलप आधी एका वेगळ्या व्हीसीएतून काढ आणि त्या व्हीसीएला जोराचा व्होल्टेज दे. मग जोर वाढेल तसा फिल्टरही जास्त उघडेल. हे केलं नाहीस तर डाव रंगल्यावर हलगी फक्त मोठी वाटेल, पेटल्यासारखी नाही.

चामडं जाळावर शेकून चढवतात, ते गार झालं की उतरतं. प्रसंग लांबला तर ट्रायंगलचा स्वर किंचित खाली आणत जा.

राजारामपुरी_पॅच:
दादा, ताई, लय भारी! रिलीज शून्यच होता. आता जाड काठी ओळखू येतेय आणि जोराचा व्हीसीएसुद्धा जोडला. फक्त रेझोनन्स वाढवला की 'ट्युंव' असा आवाज येतो. घुमारा तर पाहिजे आहे.

जुना_सोल्डर:
रेझोनन्समुळं कटऑफजवळचा भाग उठून दिसतो, आणि तुझा कटऑफ पाच सप्तकं घसरतोय. ती घसरण स्वरासारखी ऐकू येते. या फिल्टरचा रेझोनन्स शून्याजवळ ठेव. घुमाऱ्यासाठी दुसरा बँडपास समांतर लाव, त्याचा कटऑफ स्थिर ठेव, एन्व्हलप जोडू नकोस. रेझोनन्स तिथं वाढव आणि दोन्ही वाटा व्हीसीएच्या आधी मिसळ.