नव्या आलिशान क्रूझ जहाजात प्रवाशांना नेमके काय हवे असते?

सातरस्ता_आराखडा

नमस्कार. मी सोलापुरात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला शिकते. प्रकल्पासाठी मी जो विषय निवडला आहे, तो ऐकून घरचे आणि वर्गातले सगळेच एकदा हसून घेतात. मुंबई हे मूळ बंदर असलेले, साधारण ७०० प्रवाशांचे नवे आलिशान क्रूझ जहाज मी काढते आहे. सोलापुरात बसून जहाज कसले काढतेस, या प्रश्नात तथ्य आहेच, कारण समुद्र मी आजवर दोनदाच पाहिला आणि दोन्ही वेळा गुडघाभर पाण्यात उभी राहून.

आराखड्यात तीन मजली उंचीचा दिवाणखाना आहे, त्याच्या मधोमध कारंजे आहे, सर्वांत वरच्या डेकवर काचेच्या तळाचा पोहण्याचा तलाव आहे आणि चार उपाहारगृहे आहेत. मार्गदर्शक सरांनी तो पाच मिनिटे पाहिला आणि एवढेच म्हणाले, “यातले प्रवाशाने मागितलेले काय आणि तुला काढायला आवडलेले काय, ते लाल-निळ्या पेन्सिलीने वेगळे करून आण.” निळी पेन्सिल झिजली, पण लाल पेन्सिलीला हात लावायची वेळच आली नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे किंवा अशा जहाजावर काम केले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा. माहितीपत्रकांतली वर्णने माझ्याकडे भरपूर आहेत, त्यामुळे ती नकोत.

निवृत्त_हिशेबनीस

तुमच्या सरांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे निम्मे उत्तर एका भागाकारात मिळते. जहाजाचे ग्रॉस टनेज हे ऐकायला वजन वाटले, तरी प्रत्यक्षात ते जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचे माप असते. त्याला प्रवासीसंख्येने भागले की माणशी किती जागा वाट्याला येते, याचा अंदाज बांधता येतो. २०२४ मध्ये प्रवासाला लागलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे २,४८,६६३ टनेजचे आहे आणि एका केबिनमध्ये दोघे या हिशेबाने त्यावर ५,६१० प्रवासी मावतात, म्हणजे भागाकार ४४ च्या आसपास येतो. २०२३ मधील ‘सिल्व्हर नोव्हा’ अवघे ५४,७०० टनेजचे, पण प्रवासी फक्त ७२८, म्हणून तिथे तोच आकडा ७५ वर जातो. पहिले जहाज दुसऱ्याच्या साडेचार पट मोठे असूनही माणसाला मोकळे वाटते ते दुसऱ्यावर. महागड्या तिकिटात प्रवासी मुख्यतः ही मोकळीक विकत घेतो, आणि संगमरवर व झुंबरे यांचा नंबर त्यानंतर लागतो.

आता स्वतःचा अनुभव सांगतो. निवृत्तीनंतर आम्ही दोघे सिंगापूरहून चार रात्रींच्या सफरीला गेलो होतो. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एका कंपनीचा नसून डेक आखणाऱ्याचा होता. आमची केबिन पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खाली होती. पहाटे पाच वाजता वरचा डेक धुण्यासाठी आरामखुर्च्या सरकवायला सुरुवात होई. लाकडी फरशीवरून ओढत नेलेल्या खुर्चीचा तो खरखराट एकेक करून तीसचाळीस वेळा ऐकावा लागे, आणि शेवटची खुर्ची जागेवर गेली की बादल्या येत. चारही दिवस आम्ही सूर्योदय पाहिला, आणि हौसेने एकदाही नाही. पुढच्या वेळी तिकीट काढताना मी दर नंतर पाहिला. आधी डेकचा नकाशा मागवून आपल्या डोक्यावर आणि पायाखाली काय आहे, ते तपासले. वरच्या आणि खालच्या दोन्ही डेकवर केबिनच असतील अशी खोली अनुभवी प्रवासी आधी पकडतात. तुमच्या आराखड्यात तलाव आणि केबिन यांच्यामध्ये एखादा मजला वाचनालयाचा किंवा कार्यालयांचा घालता आला, तर मी त्याला लाल पेन्सिलीने दोनदा अधोरेखित करीन.

डेक_शून्य

मी जुळे सोलापूरचा. अकरा वर्षे क्रूझ जहाजांवर केबिन स्टुअर्ड म्हणून काम केले असून सध्या रजेवर घरी आहे. वरील काकांचे म्हणणे खरे आहे, मात्र त्यात एक भर घालतो. जहाजाच्या पुढच्या टोकाला आणि खालच्या डेकवर असलेल्या केबिनमध्ये बंदरात शिरताना बो थ्रस्टरचा, म्हणजे जहाज आडवे सरकवणाऱ्या पंख्यांचा, आवाज आणि थरथर जाणवते, आणि जहाज बहुधा पहाटेच बंदराला लागते. हेलकावे सर्वांत कमी लागतात ते मधल्या भागातल्या खालच्या केबिनमध्ये. गंमत अशी की, सर्वांत महाग स्वीट, म्हणजे दिवाणखान्यासह मोठ्या केबिन, अनेक जहाजांवर अगदी वर आणि टोकाला काढलेल्या असतात, आणि वारा सुटला की आल्याच्या गोळ्यांची मागणी आधी तिथूनच येते.

तुमच्या कारंज्याबद्दल आणि तलावाबद्दल बोलणे भाग आहे. पाणी जड असते, आणि वजन जितके वर नेऊन ठेवाल तितका जहाजाचा तोल सांभाळणे अवघड होते. समुद्र खवळला की तलावातले पाणी इकडून तिकडे आदळू लागते आणि मग तो रिकामा करून वर जाळी ओढावी लागते. पावसाळ्यातला अरबी समुद्र डोळ्यांसमोर ठेवून तलावाचा आकार ठरवा. दुसरी गोष्ट आगीची. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवासी जहाजाचे उभे अग्निविभाग पाडावे लागतात आणि एका विभागाची लांबी साधारण ४० मीटर, फार तर ४८ मीटर ठेवता येते. त्यामुळे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध दिसणारा दिवाणखाना कागदावर कितीही देखणा असला, तरी मध्ये अग्निरोधक दारे येणारच. ती दारे लपवायची कशी, हाच खरा डिझाइनचा प्रश्न आहे.

प्रवाशांना काय हवे असते, हे आम्हाला त्यांच्या तक्रारींवरून कळते. रांगेच्या तक्रारी सगळ्यांत जास्त असतात आणि जेवणाच्या चवीच्या त्यामानाने थोड्या. नाटकगृहातला कार्यक्रम संपला की सातशेंपैकी चारशे माणसे एकाच वेळी लिफ्टपाशी येतात. नाटकगृह, जेवणघर आणि लिफ्ट या तिन्ही गोष्टी एकाच टोकाला ठेवल्यात, तर कितीही सोनेरी मुलामा दिलात तरी तिथे गड्ड्याच्या यात्रेसारखी गर्दी होईल. सुरक्षा कवायतीच्या जागेचाही विचार करा. जानेवारी २०१२ मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून ३२ जण मरण पावले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत झालेली नव्हती. २०१५ पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. ती जागा आत, सावलीत आणि बसता येईल अशी असेल, तर वयस्कर माणसे सूचना नीट ऐकतात. उन्हात उभे केले की ती फक्त सावली शोधतात.

आणखी एक. आपल्याकडच्या माणसाला पहाटे साडेपाचला चहा लागतो. आगीच्या भीतीने केबिनमध्ये स्वतःची किटली किंवा इस्त्री आणू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. मग प्रत्येक डेकवर चोवीस तास उघडा राहील असा चहाचा एक छोटा कोपरा द्या, बसायला चार खुर्च्यांसह. तीन मजली कारंज्यापेक्षा तिथे जास्त माणसे दिसतील, हे मी लिहून देतो.

यंत्रमाग_अक्कलकोट_रोड

आमचा टेरी टॉवेलचा धंदा आहे, त्यामुळे मी जिथे जाईन तिथे आधी टॉवेलची किनार उलटून पाहतो. हिच्या मते हा आजार आहे. दोन वर्षांपूर्वी मुलाने आम्हाला एका बऱ्यापैकी महाग जहाजावर पाठवले, तिथेही केबिनमध्ये शिरल्यावर मी समुद्राआधी टॉवेल पाहिला. माल उत्तम होता, सातशेच्या आसपास जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन), दोन्ही बाजूंनी उंच लूप, हात फिरवला की मांजराच्या पाठीवरून फिरवल्यासारखे वाटावे असा.

आणि तीच चूक होती. इतका जाड टॉवेल खिडकी नसलेल्या न्हाणीघरात, त्यातून समुद्रावरच्या दमट हवेत, सकाळी अंग पुसून टांगला तर संध्याकाळपर्यंत सुकत नाही. दोन माणसांच्या चार टॉवेलांना दाराच्या मागे खुंट्या होत्या दोन. बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घालायला मनाई आहे, कारण वाऱ्याने उडून खालच्या डेकवर जातो. शेवटी ओला टॉवेल जमिनीवर पडतो, जमिनीवर पडला की तो धुवायला जातो, आणि जहाजावर धुण्याचे पाणी बहुतांशी समुद्राच्याच पाण्यातले मीठ काढून तयार केलेले असते, त्याला इंधन लागते. जाड टॉवेल सुकवणाऱ्या यंत्रात राहतोही जास्त वेळ. ५०० ते ५५० जीएसएमचा, घट्ट किनारीचा, पाणी चटकन शोषणारा टॉवेल द्यावा आणि खुंट्या सहा द्याव्यात, म्हणजे प्रवासी आणि कंपनी दोघेही सुखी होतील. तलावावरचे टॉवेल मात्र रंगीत किंवा पट्ट्यांचे ठेवावेत, म्हणजे ते केबिनच्या पांढऱ्या टॉवेलांत मिसळत नाहीत आणि मोजदाद सोपी जाते. रंग पक्का हवा, कारण ऊन, खारे पाणी आणि क्लोरीन या तिन्हींशी त्याची गाठ पडते.

पांघरुणाचेही तेच. दोघांच्या पलंगावर एकच भलीमोठी दुलई घालायची पद्धत आपल्या लोकांना मानवत नाही. पस्तीस वर्षे संसार केलेली माणसेसुद्धा आपापली चादर घेऊन झोपतात, आणि त्यात वातानुकूलन यंत्राचा झोत नेमका एकाच्याच डोक्यावर येत असेल तर मध्यरात्री दुलईची ओढाताण ठरलेली. मी दुसऱ्या रात्री बॅगेतून सोलापुरी चादर काढली. स्टुअर्डने दुसऱ्या दिवशी ती इतकी सुबक घडी घालून ठेवली होती की, तिच्यावरचा मोर बरोबर वर आला होता. दोन वेगळी पांघरुणे मागितल्यावर मिळतात, हे मला उतरण्याच्या आदल्या दिवशी कळले. मागावे लागू नये, एवढेच म्हणणे आहे.

दोन_मुलांचा_बाप

सगळे मिळून त्या मुलीचे कारंजे बुजवायला निघालेले दिसतात. माझ्या मुलांना विचाराल तर त्यांना कारंजे हवे, घसरगुंडी हवी आणि रात्री अकरालाही आइस्क्रीम हवे. मुले रमली की आईवडिलांना दोन तास शांत बसता येते, आणि ती शांतता आम्हीही पैसे देऊनच विकत घेत असतो. कारंजे लहान करा, वरून खाली आणा, पण ठेवा.

भवानी_पेठ_माहेर

माझ्याबरोबर चाकाच्या खुर्चीतल्या सासूबाई आणि एकट्या राहणाऱ्या नणंदबाई होत्या, त्यामुळे मला जहाज दोन वेगळ्या बाजूंनी दिसले.

सासूबाईंसाठी सर्वांत मोठा अडसर होता न्हाणीघराच्या दारातला चार बोटे उंच उंबरठा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो असतो, हे समजते, परंतु खुर्चीचे चाक त्यावरून जात नाही. बिनउंबरठ्याच्या, रुंद दाराच्या खास केबिन असतात, पण मोजक्याच, आणि त्या आधी भरतात. बाल्कनीच्या दाराखालीही तशीच पट्टी होती, म्हणून ज्या बाल्कनीचे पैसे भरले तिथून सासूबाईंनी समुद्र पाहिला तो काचेआडूनच. शिवाय जिथे जहाज धक्क्याला न लागता दूर नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात, तिथे खुर्चीतल्या माणसाला अनेकदा जहाजावरच थांबावे लागते. लक्षद्वीपसारख्या प्रवाळ बेटांपाशी तर दुसरा इलाज नसतो, कारण भोवतालचे पाणी उथळ असते. मुंबईहून सुटणारे जहाज काढत असाल, तर अशा दिवशी मागे राहिलेल्या माणसांसाठी किनारा दिसेल अशी एक सावलीची बैठक काढा.

नणंदबाईंची तक्रार निराळी. एकट्या माणसाने दोघांची केबिन घेतली की जवळपास दोघांचेच भाडे मोजावे लागते. ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर २०१० मध्ये एकट्या प्रवाशांसाठी १२८ छोट्या खोल्या आणि त्यांच्यापुरती बसण्याची सामाईक जागा काढली गेली, आणि पुढे इतरांनीही तसे केले. ती सामाईक जागा महत्त्वाची आहे. खोली लहान असली तरी चालते, पण रोज रात्री दोनदोनच्या टेबलांमधून एकटीने वाट काढत जाणे नको वाटते.

आता सोलापूरकरांची एक खास मागणी. आपण सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरतो, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने हाकेच्या अंतरावर आहे, आणि जहाजात प्रवेश सुरू होतो साधारण दुपारी. रात्रभराच्या प्रवासानंतर पाचसहा तास आंघोळीविना कुठे बसायचे? विमानाने येणाऱ्यांचा विचार सगळे करतात. रेल्वेने येणाऱ्यासाठी लवकर प्रवेश, सामान ठेवण्याची सोय आणि न्हाणीघरे द्या. ज्याची आंघोळ झाली आहे तो प्रवासी पहिल्या दिवशी भांडत नाही.

सातरस्ता_आराखडा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी तलाव दोन डेक खाली आणला आणि त्याच्याखाली वाचनालय टाकले. त्यामुळे काचेचा तळ गेला, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यावर पोहणाऱ्यांचे पाय बरे दिसले नसते. नाटकगृह पुढच्या टोकाला आणि जेवणघर मागच्या टोकाला नेले आहे. कारंजे लहान होऊन मुलांच्या खेळघरात गेले आहे, म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांना ते पोहोचले असे समजावे. दिवाणखाना आता तीनऐवजी दोन मजली आहे, आणि सुटलेल्या जागेत एकट्या प्रवाशांच्या २४ खोल्या बसल्या.

अक्कलकोट रोडच्या काकांना एकच शंका विचारायची आहे. न्हाणीघराच्या दाराची रुंदी मी चाकाच्या खुर्चीसाठी वाढवली, त्यामुळे दार आता सरकते झाले आहे आणि त्याच्या मागे खुंट्या लावता येत नाहीत. सहा खुंट्या भिंतीवर कोणत्या उंचीला घेऊ?

यंत्रमाग_अक्कलकोट_रोड

तीन नेहमीच्या उंचीला घ्या, आणि तीन खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या. दोन खुंट्यांत वीतभर अंतर ठेवा, नाहीतर ओले टॉवेल एकमेकांना चिकटतात.