कमिशन कापलं तर नोकरीत असतानाच लेखी हिशेब मागावा की नाही?

वाकडचा_सेल्सवाला

आधी माझं मत सांगतो. विरोध असेल तर बिनधास्त करा. मालकाने ठरलेलं कमिशन कापलं तर त्याच महिन्यात, नोकरीत असतानाच, लेखी हिशेब मागायचा. "आत्ता गप्प बसू, दुसरीकडे लागलं की बघू" असं आपल्याकडे जो तो सांगतो, आणि नेमके त्यातच पैसे बुडतात.

मी हिंजवडी-ताथवडे पट्ट्यात फ्लॅट विकतो. क्लोजिंगला, म्हणजे विक्री पक्की झाली की, पाव टक्का इन्सेंटिव्ह (आमचं कमिशन) ठरलेला आहे. 78 लाखांचा टू-बीएचके गेला की 19,500 रुपये. मागच्या तिमाहीची शीट आली तेव्हा अशाच एका बुकिंगसमोर 'सीपी केस' म्हणून निम्मे उडवलेले, राहिले 9,750. मॅनेजरने ग्राहकाला कबूल केलेल्या सवलतीचे 2,000 माझ्या नावावर. उरलेल्यातले 25 टक्के 'रिटेन्शन', ते पझेशन झाल्यावर मिळणार. पदरात पडले 5,812.

सीपी म्हणजे चॅनेल पार्टनर, बाहेरचा ब्रोकर. हा ग्राहक बाणेरहून होर्डिंग बघून बायकोला घेऊन स्वतः आला होता. साइट व्हिजिटच्या फॉर्मवर 'कसे कळले' या रकान्यात त्याच्याच अक्षरात होर्डिंग लिहिलंय, आणि ब्रोकरच्या नावाची जागा कोरी आहे. मग सीपी मध्येच कुठून आला?

मी एचआर आणि सेल्स हेड दोघांना मेल टाकला. बुकिंग नंबर, ऑफर लेटरमधला दर, शीटवरची रक्कम, दोन्हीतला फरक, आणि एकच प्रश्न: ही कपात कोणत्या अटीखाली केली? सोबत फॉर्मचा फोटो. सीपीची कपात मागे घेतली. सवलतीचे आणि रिटेन्शनचे अजून अडकलेत, पण ते अडकलेत हे आता कागदावर आहे.

---

सिंहगड_रोड_इलेक्ट्रॉनिक्स

मी दुसऱ्या बाजूचा. टीव्ही-फ्रिजचं दुकान आहे, कामाला आठ जण. तुमच्या बाबतीत अन्याय झाला हे दिसतंच आहे, पण त्यावरून सरसकट नियम काढू नका.

दिवाळीत माझ्या पोरांना पीसमागे कमिशन असतं. टार्गेटच्या नादात मुलगा ग्राहकाला सांगतो, "घेऊन जा, नाही आवडलं तर बदलून देऊ." आठवड्याने फ्रिज परत येतो, खोका फाटलेला, दाराला पोचा. तो मी नवा म्हणून विकू शकत नाही. कमिशन मात्र मुलाने आधीच नेलेलं. ते पुढच्या महिन्यात वळतं केलं तर मी मजुरांचं रक्त पिणारा झालो का? विक्री टिकली तर कमिशन, मोडली तर नाही. यात मला काहीही चूक वाटत नाही.

आणि आठ माणसांच्या दुकानात मेल कसला? समोर बसून बोला ना. माझ्याकडे कुणी असा मेल पाठवला तर मला वाटेल हा कोर्टाची तयारी करतोय, आणि खरं सांगतो, त्या दिवसापासून गल्ल्याची चावी मी त्याच्या हातात देणार नाही.

---

काउंटर_लक्ष्मीरोड

दादा, परत आलेल्या मालाचं तुमचं म्हणणं मला पटतं. आमच्याकडे काय होतं ते ऐका.

मी साड्यांच्या दुकानात काउंटरला आहे. पगार कमी, खरी कमाई सीझनच्या कमिशनवर. लग्नसराईत एकेका गादीवर आम्ही चौघी-पाचजणी, समोर तीन-तीन कुटुंबं, साड्यांचा ढीग. सीझन संपला की स्टॉक मोजतात. चार साड्या कमी भरल्या की त्यांची किंमत सगळ्या मुलींच्या कमिशनमधून सारखी वाटून कापायची. कुणाच्या हातून गेल्या, गिऱ्हाइकाने उचलल्या, की गोडाऊनमधून आल्याच नव्हत्या, कुणी विचारत नाही. मी दोन दिवस रजेवर होते त्या दिवसांतला तुटवडासुद्धा माझ्या वाट्याला आला.

वर साडी बदलून दुसरी जास्त किमतीची नेली, तरी पहिलीचं कमिशन वजा होतं आणि दुसरीचं 'एक्स्चेंज' म्हणून धरतच नाहीत. समोर बसून बोलून झालं. "बघतो" म्हणाले. पुढचा सीझन आला तरी बघतच आहेत.

---

एचआर_खराडी

मी एचआरमध्ये काम करते, आणि मूळ मताला माझा विरोध आहे. हक्क आहे का, तर आहे. पण घरभाडं, हप्ते, मुलांची फी डोक्यावर असलेल्या माणसाला "नोकरीत असतानाच लेखी भांड" हा सल्ला देताना पुढे काय होतं तेही सांगा. पुण्याच्या रिअल इस्टेटमध्ये सेल्स हेड एकमेकांना ओळखतात. पुढच्या नोकरीच्या वेळी एक फोन जातो, "माणूस कसा आहे?" उत्तर येतं, "कामाला बरा आहे, पण कटकट्या आहे." विषय संपला.

त्याशिवाय उद्यापासून चांगल्या लीड्स, म्हणजे घ्यायच्या तयारीतले ग्राहक, दुसऱ्याला. शनिवार-रविवारी, जेव्हा खरे ग्राहक येतात, तेव्हा तुम्ही बॅक ऑफिसला. यातलं काहीच कागदावर येत नाही, म्हणून सिद्धही होत नाही. माझा सल्ला असा की पुरावे गोळा करा, तोंड बंद ठेवा, दुसरी ऑफर हातात घ्या, आणि फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या, वेळी सगळं एकदम मागा.

---

शिवाजीनगर_वकील

कामगारांच्या बाजूने उभा राहतो, हे आधीच सांगतो. कायदा काय आहे ते इथे कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून थोडं सविस्तर.

आजवर अशी प्रकरणं पेमेंट ऑफ वेजेस अॅक्ट, 1936 खाली चालायची. त्याला महिना 24,000 रुपये वेतनाची मर्यादा होती आणि अर्जाला 12 महिन्यांची मुदत. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता 2019 लागू आहे. तिच्यात वेतन देण्याच्या आणि कपातीच्या तरतुदींना ती पगाराची मर्यादा नाही, आणि दाव्याची मुदत 3 वर्षं आहे. बेकायदा कपात सिद्ध झाली तर रकमेव्यतिरिक्त तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

पण एक मेख आहे. संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येतून कमिशन वगळलंय. वगळलेल्या अशा बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेली तर वरचा भाग पुन्हा वेतन धरला जातो. समजा फिक्स 15,000 आणि कमिशन 25,000. एकूण 40,000, निम्मे 20,000. म्हणजे कमिशनमधले 5,000 वेतनात येतात आणि वेतन 20,000 होतं. उरलेलं कमिशन बुडालं असं नाही, ते कराराचं येणं आहे. पण त्यासाठी रस्ता वेगळा पकडावा लागू शकतो, अगदी दिवाणी दाव्यापर्यंत, आणि तिथेही मुदत साधारण 3 वर्षंच. म्हणूनच ऑफर लेटरमध्ये कमिशनचा दर लिहिलेला असणं फार महत्त्वाचं आहे.

लक्ष्मी रोडच्या ताई, तुमच्यासाठी. मालाच्या नुकसानीपोटी वेतनातून कपात करायची तर तो माल त्या माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला असावा लागतो, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीने झालेलं असावं लागतं, आणि कपातीआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. जुन्या कायद्यातही हेच होतं. सगळ्यांमध्ये सारखी वाटणी या चौकटीत बसत नाही. ते कमिशनमधून कापतात, म्हणजे मालक वर सांगितलेल्या व्याख्येमागे लपायचा प्रयत्न करेल. तरी तुमचा रजेचा मुद्दा फार पक्का आहे. हजेरीपटाचा फोटो ठेवा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. तक्रारीसाठी कामगार आयुक्तांचं ऑफिस वाकडेवाडीला आहे.

---

वाकडचा_सेल्सवाला

वकीलसाहेब, आभार. मुदतीचा मुद्दा मला हवाच होता.

एचआर मॅडम, तुम्ही सांगता ती भीती खरी आहे, मी ती रोज बघतो. पण फुल अँड फायनलपर्यंत थांबलेल्या माणसाचं काय होतं? राजीनामा दिला त्याच दिवशी लॅपटॉप जमा, मेल बंद, सीआरएमचा (ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरचा) लॉगिन बंद. कोणता ग्राहक कधी आला, कुणी अटेंड केला, हे सगळं त्या सीआरएममध्ये. मग एका कागदावर सही मागतात, 'माझे काहीही येणे बाकी नाही'. त्यावर सही केल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर नाही, आणि त्याशिवाय नवीन कंपनी जॉइन करून घेत नाही. माणूस सही करतो. माझ्यासोबतच्या दोघांनी डोळ्यांदेखत केली.

"पुरावे गोळा करा, तोंड बंद ठेवा" म्हणता, पण मी त्याच महिन्यात विचारलेला प्रश्न आणि त्याला आलेलं, किंवा न आलेलं, उत्तर हाच सगळ्यात मोठा पुरावा असतो. गप्प बसलेल्या माणसाला पुढे विचारतात, तेव्हा का नाही बोललात?

इलेक्ट्रॉनिक्सवाले दादा, मोडलेल्या विक्रीवर कमिशन नको, कबूल. पण पोरांना कामावर घेतानाच सांगितलंत का, की अमुक दिवसांत माल परत आला तर कमिशन वळतं होईल? आमच्याकडे बघा. रेरा या घरखरेदीच्या कायद्याप्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डर 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. म्हणजे करारनामा नोंदला की व्यवहार पक्का, बँकेचं लोन चालू. तिथपर्यंत माझे पैसे रोखा, मी तक्रार करणार नाही. पझेशन तीन-चार वर्षांनी. बांधकाम वेळेत संपवणं माझ्या हातात आहे का? मग रिटेन्शन कशाचं?

---

मार्केटयार्ड_बिबवेवाडी

इथे सगळे एकेकटे लढताहेत. मार्केट यार्डात माझ्या वडिलांनी हमाली केली. 1969 च्या माथाडी कायद्यानंतर नोंदीत हमालाची मजुरी व्यापाऱ्याने माथाडी मंडळात भरायची, वर लेव्ही (मंडळाची ठरलेली जादा रक्कम), आणि पैसे मंडळाकडून मिळायचे. हिशेब त्रयस्थाकडे. कुठल्या व्यापाऱ्याने वाराईत, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीत, हात मारला तर प्रश्न एका हमालाचा राहत नसे. बाबा आढावांच्या हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेने ती जरब बसवली होती.

शोरूममध्ये टाय लावणाऱ्यांना युनियन शब्द नको असतो. नको तर नको. पण निदान काउंटरच्या चौघींनी एकाच कागदावर सह्या करून तुटवड्याचा हिशेब मागा. एकीला 'कटकटी' म्हणून काढता येतं. लग्नसराईच्या तोंडावर चारही जणींना कोण काढेल?

---

सिंहगड_रोड_इलेक्ट्रॉनिक्स

वाकडवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर: लेखी दिलेलं नाही, तोंडी सांगतो. दिवस ठरवून भिंतीवर लावायला माझी हरकत नाही, दिवाळीआधी लावेनही. पण तुटवड्यावर मी वकीलसाहेबांशी सहमत नाही. पाच जण गादीवर, माल नाहीसा झाला, नेमकं कुणाकडून ते सिद्ध करा म्हणता. ते कधीच सिद्ध होणार नाही. मग तो तोटा दर वेळी मालकानेच का सोसायचा? थोडी जबाबदारी सगळ्यांवर असली तर सगळे एकमेकांवर लक्ष ठेवतात.

---

काउंटर_लक्ष्मीरोड

दादा, नफा झाला तेव्हा आमच्यात वाटला नव्हता. जास्त माल विकला म्हणून दर वाढत नाही, मग गेलेल्या मालाची किंमत आमच्या डोक्यावर का? लक्षच ठेवायचं तर कॅमेरा लावा, दारावर माणूस ठेवा. आम्ही साड्या दाखवायच्या, घड्या घालायच्या, की एकमेकींच्या पिशव्या तपासायच्या?

सह्यांचं मी उद्या दोघींशी बोलते. तिसरी मालकाच्या नात्यातली आहे.

---

एचआर_खराडी

त्या 'येणे बाकी नाही' कागदाबद्दल वाकडवाल्यांचं बरोबर आहे, मी स्वतः तसे कागद समोर ठेवलेत. तरीही मेलची भाषा जपा असं सांगेन. 'फसवणूक', 'चोरी' हे शब्द लिहिले की वरचे लोक बचावात जातात आणि लीगलला पुढे करतात. 'खुलासा मिळावा' लिहा. आणि फॉर्म 16, म्हणजे पगारातून कापलेल्या टॅक्सचं प्रमाणपत्र, तपासा. कधीकधी पूर्ण इन्सेंटिव्ह पगारात दाखवून त्यावर टॅक्स कापलेला असतो आणि हातात कमी आलेलं असतं. हे सापडलं तर अकाउंट्सवाले स्वतःच घाबरतात.

---

रावेत_नवा

मी आत्ताच लागलोय. ऑफर लेटरमध्ये लिहिलंय की इन्सेंटिव्ह वाटायच्या तारखेला कंपनीत असाल तरच मिळेल. आणि तारीख कंपनी ठरवणार. सही केली आहे. काही करता येईल का?

---

शिवाजीनगर_वकील

सही केलीत म्हणून दार बंद झालं असं समजू नका. मी युक्तिवाद असा करेन की बुकिंग आणि करारनामा झाला तेव्हा तुमचं काम पूर्ण झालं आणि हक्क तयार झाला. वाटपाची तारीख लांबवणं फक्त कंपनीच्या हातात असेल तर त्या दिरंगाईचा फायदा तिनेच उचलू नये. निकाल कागदांवर आणि न्यायाधीशांवर अवलंबून राहील, खात्री देत नाही. पण आत्ता नवीन आहात, संबंध चांगले आहेत, तर आजच विचारून ठेवा: तिमाही संपल्यावर किती दिवसांत वाटप होतं? व्हॉट्सअॅपवर उत्तर आलं तरी चालेल. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडून तो मेसेज पुराव्यात देता येतो. फोन बदलला तरी जुना विकू नका.

---

रावेत_नवा

विचारलं. "साधारण 45 दिवस" असं मॅनेजरचं उत्तर आलंय. तेच एचआरला मेलवर टाकून कन्फर्म करून घेतो.