समुद्रकाकडीने आतडं टाकलं की स्नायूपेशी कुठे जातात?

खाजणातला_खेकडा:
एमएस्सीचा सेमिनार आहे, विषय होलोथुरिया ग्लॅबेरिमा, पोर्तो रिकोची समुद्रकाकडी. आतडं बाहेर टाकते आणि साधारण चार आठवड्यांत नवीन बनवते इथवर कळलं. पण फॅलॉइडिनने (स्नायूंचे धागे चमकवणारा रंग) रंगवलेल्या फोटोत मेसेंटरी नावाच्या पडद्यामधले स्नायूंचे लांब धागे काही दिवसांनी गायब आणि त्या जागी दोन्हीकडे निमुळते चमकणारे तुकडे. स्नायू मेले का? सर हे विचारणारच.

पेट्रीडिश:
नाही रे, निदान सगळे तरी नाहीत. आतडं ज्या पातळ पडद्याने अंगाच्या भिंतीला लटकलेलं असतं ती मेसेंटरी आतच राहते आणि सगळा कारभार तिच्या फाटलेल्या कडेला चालतो, तिथल्या स्नायूपेशी अ‍ॅक्टिन-मायोसिनचा, म्हणजे आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनांचा, सरंजाम आवरून त्याच्या पुड्या बांधतात आणि बाहेर फेकतात, तुला दिसले ते तुकडे म्हणजे याच पुड्या, मग अमिबोसाइट, म्हणजे अमिबासारख्या सरकणाऱ्या पेशी, येऊन त्या गिळतात. मागे राहते साधी पेशी, आकुंचन वगैरे विसरलेली. हेच डीडिफरन्शिएशन. गार्सिया-अरारास यांच्या लॅबचा 2006चा पेपर यावरच आहे. फोटोत दिशा बघ, आधी मोकळी कड, मग हळूहळू भिंतीकडे. स्लाइडवर तेवढं नीट दाखवलंस तरी अर्धा सेमिनार झाला.

खाजणातला_खेकडा:
भारी! मग नवीन आतड्याचे स्नायू यांच्यातूनच? स्टेम सेल नाहीत का?

मायटोसिस_मावशी:
स्टेम सेलचं नाव घेतलं की प्रश्न सुटला असं सगळ्यांनाच वाटतं बाळा. इथे मेसेंटरीची कड जाड होते, बाहेरच्या थरातल्या पेशी जोरात विभागतात आणि पुढे त्याच थरातून नवे स्नायू तयार होतात. आतलं अस्तर वेगळं, ते अन्ननलिका आणि क्लोएका (आतड्याचं मागचं टोक जिथे उघडतं तो भाग) यांच्या उरलेल्या टोकांतून सरकत येतं, बोगदा दोन्हीकडून खणावा तसं. पण हा नियम सगळ्यांना लावू नकोस हं, रशियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची युपेंटॅक्टा ही समुद्रकाकडी आतडं तोंडाकडून टाकते आणि तिच्यात पुढच्या भागाचं अस्तर बाहेरच्या थरातल्याच पेशी बदलून बनवतात.

पेट्रीडिश:
+1, मावशींचा शेवटचा मुद्दा स्लाइडवर टाकच.

खाजणातला_खेकडा:
टाकतो. कोकणात एखादी मिळाली तर पोटॅशियम क्लोराइड टोचून आतडं टाकायला लावून बघू का? पेपरात तेच वापरलंय.

मायटोसिस_मावशी:
अजिबात नाही! आपल्याकडे 2001 पासून समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेत. फोटोंवर भागव.