बिअर गेमचा प्रयोग: 32 विद्यार्थी पुरतील का?

तानसाकाठ
एम.ए.च्या प्रबंधासाठी प्रयोग करायचाय: माल पोचायला वेळ लागतो अशा साखळीत माणसं ऑर्डर कशी ठरवतात. त्यासाठी बिअर गेम: किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना असे चार खेळाडू, प्रत्येक जण दर फेरीला, म्हणजे दर आठवड्याला, आपल्या वरच्या टप्प्याकडे माल मागवतो. मुंबईतल्या कॉलेजचा संगणक कक्ष, 32 खुर्च्या. चौघांचा एक संघ, म्हणजे आठ संघ. चार संघांना ‘वाटेत असलेला माल’ पडद्यावर दिसेल, चार संघांना नाही. 36 आठवडे. कागदी पटावर चाचणी घेतली तर निम्म्या संघांचे हिशेब चुकले आणि शेवटच्या पाच फेऱ्यांत सगळ्यांनी ऑर्डर शून्यावर आणली. शिवाय कॉलेजला बिअरचं नाव नकोय. दूध चालेल का?

विलंबराव
दूध नको, नासतं. खेळात साठा आठवडेच्या आठवडे पडून राहतो. कुणीतरी हमखास विचारणार की जुन्या दुधाचं काय झालं. बिस्किटं घ्या. एकक ‘बॉक्स’ म्हणा. खोका म्हणा नाहीतर पेटी, मुंबईत दोन्हींवर वर्ग खिदळतो.

हिशेबाच्या चुका नवीन नाहीत. या खेळावर संशोधन करणाऱ्या स्टर्मन यांच्या 1989 च्या अभ्यासात 48 खेळ झाले, विश्लेषणाला धड उरले 11. म्हणून पट सोडा आणि ओट्री या प्रयोग चालवायच्या सॉफ्टवेअरवर बसवा. फुकट आहे, पायथॉन येत असेल तर जमतं. सुरुवातीचे आकडे मुळातलेच ठेवा: प्रत्येकाकडे साठा 12, वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर 4, साठ्याचा खर्च बॉक्समागे आठवड्याला अर्धा गुण, थकलेल्या मागणीचा एक गुण. पहिले चार आठवडे मागणी 4, पाचव्यापासून 8.

शेवटच्या शून्य ऑर्डरी आल्या कारण 36 हा आकडा त्यांना ठाऊक होता. माल पोचायच्या आत खेळ संपणार, मग मागवायचा कशाला? स्टर्मन यांनी 50 आठवडे सांगून 36 ला थांबवलं होतं.

साठा_शून्य
ते 50 सांगून 36 ला थांबवणं करू नका. अर्थशास्त्राच्या प्रयोगांत सहभागींना फसवणं मान्य नाही, परीक्षक तिथेच पकडेल. ‘किती आठवडे ते सांगणार नाही’ एवढंच सांगा. ते खरंही आहे.

पण खरी गोची आकडेवारीत आहे. संघातल्या चौघांचे निर्णय एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे स्वतंत्र निरीक्षणं 32 नाहीत, 8. चार विरुद्ध चारला मान-व्हिटनी (दोन गटांची तुलना करणारी सांख्यिकी चाचणी) लावली तर मांडण्या होतात 70. एका गटाचे चारही संघ दुसऱ्याच्या चारही संघांहून वर असतील तरच पी (निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) 2/70, म्हणजे 0.029. एक जोडी उलटली की 4/70, 0.057, म्हणजे 0.05 च्या नेहमीच्या मर्यादेच्या वर. संपलं!

उपाय: साखळीतल्या तीन जागा संगणकाला द्या, ठरलेल्या नियमाने खेळणाऱ्या. विद्यार्थी फक्त घाऊक व्यापारी. मग 16 विरुद्ध 16 स्वतंत्र निरीक्षणं मिळतात, आणि शेजाऱ्याची वाट बघण्यातला वेळही वाचतो.

तानसाकाठ
पण मग चार माणसांमधला गोंधळच निघून जातो ना? आणि सकाळच्या तुकडीने ‘पाचव्या आठवड्यात आठ होते’ असं व्हॉट्सअॅपवर टाकलं तर?

साठा_शून्य
गोंधळ मुख्यतः डोक्यातला आहे. स्टर्मन यांचा नियम बघा: ऑर्डर = अपेक्षित मागणी + अल्फा × (हवा तो साठा − हातातला साठा − बीटा × वाटेतला माल), शून्याच्या खाली नाही. अल्फा म्हणजे साठ्यातल्या तुटीचा किती भाग एका आठवड्यात भरून काढायचा. बीटा 1 म्हणजे वाटेतला माल पूर्ण धरला. त्यांच्या खेळाडूंची सरासरी 0.34 होती. तुमच्या दोन गटांत हाच बीटा बदलतो का ते तपासा, प्रत्येकाच्या 36 ऑर्डरींवर बसवून. नुसता खर्च मोजलात तर कारण हाती लागत नाही.

फुटण्याच्या भीतीवर क्रोसन आणि डोनोह्यू या संशोधकांची 2006 ची युक्ती आहे: मागणी 0 ते 8 मधला कुठलाही आकडा, सारख्या शक्यतेने, हे आधीच सगळ्यांना सांगायचं. तरीही ऑर्डरींचे हेलकावे वरच्या टप्प्यांकडे वाढत गेले. मागणीची मालिका एकदाच काढा आणि 32 जणांना तीच द्या. दोन्ही गट एकाच वेळी बसवा, म्हणजे फुटायला काही उरतच नाही.

विलंबराव
मानधन खर्चाशी बांधा: 400 रुपयांतून दर ठरावीक गुणांमागे रुपया वजा, पण 150 च्या खाली नाही. दर चाचणीवरून ठरवा. बहुतेक जण 150 वर आदळले तर पुढे कुणी डोकं चालवत नाही. आणि 32 हवेत तर 37 बोलवा, पावसाळ्यात 40. जास्तीच्यांना हजेरीचे 150 देऊन परत पाठवा. सकाळी 11 च्या आधी ठेवू नका, लोकल रखडली की अर्धी तुकडी कुर्ल्यात.